तू बाहेर थांब

सेरंगून, सिंगापूर
१२ ऑगस्ट २०१४

तीर्थरूप आई,

अनिमेषचं मनगट बरं आहे. तुम्ही परत गेल्यापासून फोनवर तुम्हाला एवढंच सांगते.

त्या दिवशी क्लिनिकमध्ये एक्स-रे काढताना तो हात स्थिर ठेवेना, कुणीतरी धरायला हवं होतं. टेक्निशियनने मला विचारलं, "प्रेग्नंट ऑर नॉट?" मला सातवा आठवडा होता. पण तीन महिने सासरी बोलायचं नाही, असं माझ्या आईने बजावलं होतं आणि तुम्ही शेजारीच उभ्या होतात. मी "नो" म्हटलं.

तुम्ही लगेच म्हणालात, "मी धरते त्याला. तू बाहेर थांब."

मला राग आला. माझं पोर धरायलाही यांनाच पुढे यायचं असतं. किरण अडवणारा शिशाचा एप्रन मीच अडकवला, बंद न बांधता. अनिमेषवर वाकले तेव्हा एप्रन पोटापासून सुटून लोंबत होता.

नवव्या दिवशी सगळं संपलं. एवढ्याशा किरणांनी असं होत नाही, असं डॉक्टर म्हणाल्या. त्यांना न बांधलेल्या बंदांचं मी सांगितलं नाही, तुमच्या प्रबोधलाही नाही. तुम्हाला तर नुसता ताप आहे म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही डिंकाचे लाडू केलेत, बाळंतिणीला देतात तसे. अनिमेषने मागितला तर म्हणालात, "ते आईचे आहेत."

म्हणजे तुम्हाला क्लिनिकमध्येही माहीत होतं.

लाडवांचा डबा रिकामा झालाय. हे पत्र त्यातच ठेवते. एमआरटीच्या गाडीचं दार उघडतं, तेव्हा मागून तुमचा आवाज येतो, तू बाहेर थांब. आता दर वेळी मी थांबते.

तुमची,
वल्लरी