कानबाईच्या रोटातली मूठ

माय, तुला लिहितेय. चौथीपर्यंतची शाळा, अक्षर वाकडं आहे. तुला तर वाचताच येत नव्हतं, तेव्हा कुणाचंच अडत नाही. तुझा नातू आता बारा वर्षांचा झाला. अजून बोलत नाही, हाक मारली तर बघत नाही. इथे जळगावातल्या डॉक्टरने मतिमंद सांगितलं. मग मुंबईहून एक डॉक्टर आला होता, तो म्हणाला, ऑटिझम. औषध विचारलं तर म्हणे औषध नाही. मग नाव कशाला दिलं, असं मी तोंडावर विचारलं. हे खाली मान घालून बसले होते.

मला धुळ्याची तुझी चूल आठवते. तू भाकरी थापते आहेस, हा चार वर्षांचा, तुझ्या परातीशेजारी तुरीचे दाणे ओळीने मांडतोय. मी जेव म्हणतेय, तो ऐकत नाही. मी त्याच्या पाठीत धपाटा घातला. तू पिठाच्या हाताने माझं मनगट धरलंस. "तुले घाई शे, त्याले नही," एवढंच म्हणालीस. मग त्याच्याकडे न बघता शेजारी बसलीस आणि तूही दाणे मांडायला लागलीस. भाकर करपली. मला तुझाच राग आला होता.

त्याच वर्षी तू गेलीस. त्यानंतर तो दाणे मांडताना शेजारची जागा सोडून बसायचा. तिथे कुणी टेकलं की उठून जायचा. शेवटी मीच हट्टाने बसायला लागले, कारण मला रडायला दुसरी जागा नव्हती. घरात डोळे पुसले की सासू म्हणायची, आधी पोराकडे बघ. तो मात्र काही विचारत नाही. एक दिवस तो उठला नाही. पुढे कधीतरी दुपारी त्याने माझी दाण्यांची वाकडी ओळ बोटाने सरळ केली. तू असतीस तर मी त्याला तुझ्यावर टाकून मोकळी झाले असते, आणि तो मला कधी कळला नसता. लिहायला बरं वाटत नाही, पण तसंच आहे.

या श्रावणात घरी कानबाई देवी बसवली. रोटाच्या प्रसादासाठी घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढतात, ते दळून त्याचेच रोट भाजतात, तुला काय सांगायचं. सासूने सासऱ्यांचं, ह्यांचं, दिराचं, दिराच्या दोन्ही पोरांचं नाव घेतलं आणि सूप उचलायला हात घातला.

"एक राहिला," मी म्हटलं.

"त्याले काय समजस? राहू दे."

जाऊ हसली. "मागच्या वर्षी थुंकला ना तो रोट."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे दारात चपला शोधत होते, पायात चपला असताना. मग मीच सुपापाशी बसले, त्याचं नाव मोठ्याने घेतलं आणि मूठ टाकली.

"देवीचं काम शे, भांडू नको," सासू म्हणाली.

"भांडत नाही. मोजतेय."

सगळ्या आपापल्या कामाला लागल्या. सुपाशी मी एकटीच उरले.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, म्हणून सांगते. तेव्हा मी आणखी एक मूठ टाकली. तुझी. बायांची आमच्यात काढत नाहीत, माहेरच्या माणसाची तर नाहीच, आणि गेलेल्याची काढल्याचं कुणी ऐकलंही नसेल. सगळ्या भाऊबंदांनी तो रोट खाल्ला. यंदा चांगला झाला म्हणून सासूने पुन्हा मागून घेतला. मी वाढला.