वहिनींचा वर्ग आणि माझी शिट्टी

तीर्थस्वरूप वहिनींस,

धाकट्या दिराचा नमस्कार. साष्टांगच घातला असता, पण काल मुलांना कोलांटउडी दाखवताना मान अवघडली आहे, तेव्हा कमरेतून वाकून केलेला गोड मानून घ्यावा. तुमच्या आईंची तब्येत कशी आहे? वॉकर धरून खिडकीपर्यंत जातात असं कळलं, बरं वाटलं. त्यांना सांगा, पाऊल टाकताना आधी टाच, मग चवडा. (खेळाच्या शिक्षकाकडे सल्ला कुणी मागत नाही, म्हणून तो न मागता द्यावा लागतो.) तुमचीही तब्येत विचारली असती, पण फोनवर विचारलं की तुम्ही 'बरी आहे' म्हणता आणि लगेच 'आई उठली वाटतं' म्हणून फोन ठेवता. म्हणून पत्र लिहायला बसलो. पत्र मध्येच ठेवता येत नाही. म्हणजे येतं, पण ते मला दिसत नाही.

इकडे सगळं ठीक आहे. 'ठीक' हा शब्द तुम्हाला चालत नाही हे ठाऊक आहे. निबंधात कुणी 'नाईस' लिहिलं की तुम्ही त्याखाली लाल रेघ ओढून 'म्हणजे नेमकं कसं?' असं विचारायचात. तर नेमकं सांगतो. तुम्ही आईंच्या खुब्याच्या ऑपरेशनसाठी गेलात, त्याच आठवड्यात मुख्याध्यापिकाबाईंनी मला बोलावून सांगितलं की दहावीचे इंग्रजीचे तास आता मी घ्यायचे. मी म्हटलं, बाई, मला इंग्रजी 'रेडी, स्टेडी, गो' एवढंच येतं. बाई म्हणाल्या, ज्यांच्या घरात इंग्रजीच्या बाई राहतात त्यांना काहीतरी लागलं असेलच की. त्यांना कसं सांगणार, की मी दहावीला इंग्रजीत नापास झालो होतो आणि तुम्ही नव्या नवरीच्या हातांनी मला पाठीत धपाटे घालून पास केलं होतं. ते सगळं इंग्रजी निकालाच्या दिवशीच अंगातून निघून गेलं, ताप उतरावा तसं.

(वरचं वाक्य पुन्हा वाचा. 'तसं' आलं आहे. सिमिली आहे ती, म्हणजे आपली उपमा. मुद्दाम घातली.)

पण ही सिमिलीच पहिल्या दिवशी मला बुडवून गेली. तुमच्या कपाटात सापडलेल्या टिपणात पहिलाच शब्द इंग्रजीत 'सिमिली' असा होता आणि तुमचं अक्षर तुम्हाला माहीत आहेच. मी तो 'स्माइल' असा वाचला. मला वाटलं, वा, वहिनींची पद्धत काय छान आहे, तास सुरू करताना आधी मुलांना हसवायचं. मी शिट्टी वाजवली (सवय आहे, सुटत नाही) आणि सगळ्यांना हसायला सांगितलं. सगळे हसले. पुढे काय करायचं ते टिपणात उलगडेना, म्हणून मी त्यांना हसतच ठेवलं. बाई नेमक्या दारावरून चालल्या होत्या. इंग्रजीच्या तासाला इतकी प्रसन्न मुलं त्यांनी पहिल्यांदाच पाहिली म्हणे. शेवटी पहिल्या बाकावरची ती मुलगी उठली, जिला सगळे 'फुलस्टॉप' म्हणतात, कारण ती बोलली की विषय संपतो. म्हणाली, "सर, तो शब्द सिमिली आहे. आणि आमचे गाल दुखायला लागलेत."

तिथून पुढे आमचा संसार तिच्याच जिवावर चालला आहे. 'हायपरबोल' म्हणजे अतिशयोक्ती, पण मला ती कुठलीशी स्पर्धा वाटली होती आणि मी वर्गाचा संघ निवडायलाही घेतला होता. आयर्नीच्या बाबतीत मी सरळ डोकं चालवलं. आयर्न म्हणजे लोखंड, तेव्हा आयर्नी म्हणजे लोखंडासारखं भक्कम बोलणं. चाचणीत अख्ख्या वर्गाने तेच लिहिलं आणि मी सगळ्यांना पैकीच्या पैकी गुण दिले. फुलस्टॉपने मात्र खरी व्याख्या लिहिली होती, ती मी चुकीची धरली. तिने उत्तरपत्रिका आणून माझ्यासमोर ठेवली. मग मी डिक्शनरी काढली. आयर्नी म्हणजे, व्हायला हवं त्याच्या नेमकं उलट होणं. उदाहरण सुचेना. वर्ग वाट बघत होता. आणि मला आपलं घर आठवलं. माझा सख्खा भाऊ आयुष्यभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करतो आणि राहतो तिसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टच्या इमारतीत. मुलं पोट धरून हसली. मीही हसलो. मग लक्षात आलं की त्या जिन्यापायीच तुमच्या आईंना इकडे आणता येत नाही आणि त्यांना सोडून तुम्हाला येता येत नाही, आणि पुढचा शब्द सांगायचा राहूनच गेला.

एक गोष्ट मात्र मी स्वतःच्या अकलेने शिकवली. सिमिली आणि मेटाफर, म्हणजे उपमा आणि रूपक, यांतला फरक मुलांना कळत नव्हता, म्हणून सगळ्यांना मैदानावर नेलं. सांगितलं, लांब उडीत फळीवर पाय देऊन उडी मारता ना? ती फळी म्हणजे 'सारखा' हा शब्द. फळीवर पाय दिला की सिमिली. फळी नसताना थेट वाळूत झेपावलात की मेटाफर. हे त्यांना इतकं पटलं की आता ती मैदानावरही भांडतात, 'तुझी उडी सिमिली होती' म्हणून.

आता ज्यासाठी एवढं लांबण लावलं ते सांगतो. तुमच्या शब्दांच्या यादीत मागच्या आठवड्यात 'लाँगिंग' आला. मी बेधडक सांगितलं, लाँग म्हणजे लांब, तेव्हा लाँगिंग म्हणजे लांबणं. फुलस्टॉप उठली. "नाही सर. लाँगिंग म्हणजे ओढ." तो शब्द वापरून वाक्य करा म्हणून सांगितलं तर मागच्या बाकांपासून पुढच्या बाकांपर्यंत जवळपास सगळ्यांचं वाक्य एकच, की आम्हाला आमच्या मिसची लाँगिंग आहे. नक्कल केलीत का म्हणून विचारलं, तर कुणी केली नव्हती.

संध्याकाळी जेवताना ही माझी फजिती मी दादाला सांगितली. तो हसेल असं वाटलं होतं. तो ताटाकडे बघत बसला. मग म्हणाला, "दोन्ही बरोबर आहे."

वहिनी, दादा कसा आहे हे तुम्ही कधी विचारत नाही आणि तो तुमच्याशी फोनवर आईंच्या औषधांखेरीज काही बोलत नाही. तुम्ही निघालात त्या दिवशी मी बसपाशी होतो. तुम्ही पायरीवर उभं राहून त्याला म्हणालात, "अहो, काहीतरी बोला." आणि तो म्हणाला, "मागच्या चाकात हवा कमी आहे." तुम्ही आत जाऊन बसलात ते पलीकडच्या खिडकीशी. बस गेल्यावर तो कितीतरी वेळ तिथेच उभा होता. मला म्हणाला, हवा खरंच कमी होती रे.

परवा शाळेची सामानाची लिफ्ट अडकली म्हणून तो आला होता. काम झाल्यावर हत्यारांची पिशवी घेऊन तुमच्या वर्गात आला आणि कुणाला काही न विचारता मागच्या बाकावर बसला. गुडघे बाकात मावेनात. मी मुलांना लांब गेलेल्या माणसावर एक वाक्य लिहायला सांगितलं होतं, सिमिली वापरून. त्यानेही एका मुलाकडून कागद मागून घेतला आणि मान खाली घालून लिहीत बसला. कागद गोळा करताना फुलस्टॉपने त्याचाही घेतला, तो नको नको म्हणत असताना. त्यावर त्याच्या त्या मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'हाऊस स्टक बिटवीन टू फ्लोअर्स.' म्हणजे घर दोन मजल्यांमध्ये अडकलंय. फुलस्टॉपने वाचलं, लाल पेन घेतलं आणि खाली लिहिलं, 'सिमिली नाही. मेटाफर. छान.' दादाने मला विचारलं, पास का? मी म्हटलं, उडी फळीशिवाय मारलीस.

असो. तर कामाचं असं, की पुढच्या धड्यात 'ॲलिगरी' नावाचं काहीतरी आहे. ते काय असतं, आणि मैदानावर शिकवता येईल का, हे सवडीने कळवावं. त्यासाठीच हे पत्र. आईंना नमस्कार. मान दुखते आहे, म्हणून इथेच थांबतो.

तुमचा,
तुमच्या धपाट्यांनी पास झालेला दीर

ता. क. ॲलिगरीचं राहू द्या. फुलस्टॉपने सांगितलं, ती आपल्याला परीक्षेला नाही. आणि मला हे तास जड जातात असं तुम्हाला वरून वाटलं असेल, तर तसंही नाही. मला आवडायला लागले आहेत. काल 'मेलंकली', म्हणजे उदासी, हा शब्द मी न अडखळता म्हटला. फक्त फळ्याच्या कोपऱ्यात तुम्ही जाण्याआधी लिहिलेली तारीख आहे, ती मुलं पुसू देत नाहीत. मीही आग्रह करत नाही.

ता. क. २. तिकडच्या शाळेत तुम्हाला कायमची जागा देऊ केली आहे, हे तुमच्या आईंकडून कळलं. दादालाही कळलं. दुसऱ्या दिवसापासून तो कामावरून उशिरा यायला लागला. आता पत्ता लागला आहे. शाळेमागच्या गल्लीत तळमजल्यावरच्या दोन खोल्या रिकाम्या होताहेत, तिथे तो जायचा. वॉकर आत जातो का म्हणून त्याने प्रत्येक दाराची रुंदी मोजली आहे. न्हाणीघराचा उंबरा काढून उतार करून द्यायचं मालकाकडून कबूल करून घेतलं आहे. खिडकी रस्त्यावर आहे, आईंना वर्दळ दिसेल. आणि तुम्हाला तिकडचीच नोकरी घ्यायची असली तर त्याचीही त्याने तयारी ठेवली आहे. मला म्हणाला, लिफ्ट काय, सगळ्याच गावांत अडकतात. मग मी इकडे एकटा राहीन, पण माझं सोडा, मला वर्ग आहे.

ता. क. ३. हे पत्र टपालाने पाठवत नाही. ज्याने ते तुमच्या हातात दिलं, त्याला आत काय लिहिलं आहे हे माहीत नाही. परीक्षेचं काहीतरी विचारायचं आहे, असं सांगून मी त्याला पाठवलं आहे. (महिन्याची रजा मात्र त्याने आपण होऊन काढली. पिशवीत कपडे आहेत, बघा.) खोल्यांबद्दल तो एक शब्दही काढणार नाही. तुमच्या दाराची बिजागरी कुरकुरते असं म्हणेल, किंवा बसला उशीर झाला असं म्हणेल. तुम्ही एव्हाना दारातच उभ्या राहून इथपर्यंत वाचलं असेल आणि तो चपला न काढता समोर उभा असेल. वहिनी, त्याला आत घ्या.