मिटलेले आरसे

४ जून

चि. धाकटीस, अनेक आशीर्वाद.

नवी गाडी घेतली. चकचकीत आहे. मोटरसायकलवाले खेटून जातात आणि ओरखडे पाडतात, म्हणून बाजूचे दोन्ही आरसे मी मिटूनच ठेवतो. एवढं जपूनही काल वळताना एक जण कुठूनसा येऊन दारावर आदळला आणि पडला. मधल्या आरशात तो लंगडत उठताना दिसला, म्हणजे फार लागलं नसावं. चूक अर्थात त्याचीच.

आईला हे सांगितल्यापासून तिने धसका घेतलाय. धाकटीला मोटरसायकल विकायला लाव, नाहीतर मी तिच्याशी बोलणार नाही, म्हणते. घरोघर रक्ताचे नमुने गोळा करत फिरण्यापेक्षा लॅबमध्ये बसून करायचं काम माग.

तुझ्या काळजीत असलेला,
दादा

९ जून

ती. दादास, सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसू आलं, मग राग. दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांची नजर तपासतोस आणि आरसे मिटून गाडी हाकतोस? मग डोळेही मीट, तेही खराब व्हायला नकोत. तो कुठूनसा आला नव्हता रे, तुझ्या बाजूलाच होता. वळायच्या आधी इंडिकेटर दे, वळून झाल्यावर नव्हे. आरशात बघ, मान वळवूनही बघ. खड्डा चुकवायला आम्हाला बाजूला व्हावं लागतं, तेव्हा मागे चिकटून येऊ नकोस.

मोटरसायकल गेली तर माझं काम जाईल. लॅबमध्ये माझ्यासाठी कुणी खुर्ची अडवून ठेवलेली नाही. रविवारी येते. तासभर माझ्या मागे बस. उतरल्यावरही विक म्हणालास, तर विकेन.

लोभ असावा, आणि दोन गाड्यांत अंतरही.
तुझी धाकटी

१८ जून

चि. धाकटीस, अ. आ.

रविवारपासून मांड्या धरल्यात. ती पांढरी गाडी आपल्या अंगावर वळली तेव्हा माझी पाचावर धारण बसली. मी शिव्या घातल्या, तर तो गाडीवाला आपण दोघं जमिनीतून उगवल्यासारखं बघत राहिला. मला भीती वाटली, आणि त्याहून जास्त लाज.

आरसे उघडलेत. चूक माझीच होती, धाकटीची मोटरसायकल राहू दे, असं आईला सांगितलं. मग तिने माझ्याकडून गाडीची किल्ली मागून घेतली. म्हणाली, त्या लंगडणाऱ्याला घेऊन ये, तो दे म्हणाला तर परत देईन.

रोज दुकान बंद करून मी त्या वळणावर उभा राहतो. शेकडो मोटरसायकली जातात. त्याला ओळखणार कसा? मी त्याचं तोंडसुद्धा पाहिलेलं नाही.

तुझा, सध्या पायी फिरणारा,
दादा