कोठाराची दोन दारे

मी, डॉर्कस स्किर्म, कै. एमॉस स्किर्म यांची विधवा, वय वर्षे एकोणऐंशी, राहणार लोअर विदी फार्म, हेरेफर्डशायर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तपासताना आजची तारीख विचारली, ती मी सांगितली, आणि त्यांच्या भिंतीवर अजून मागचा महिना लटकतो आहे हेही सांगितले. कुणाचे दडपण नाही. आधीची दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. त्यातले एक तर मी रागाच्या भरात केले होते.

वकील मिस्टर थॅक्वे यांचे मत असे की, कुणाला काय एवढेच लिहावे आणि बाकीचे गाळावे. मी म्हटले, गाळायचे ते माझ्या माघारी गाळा. त्यांनी एक ताकीद मात्र दिली. मृत्युपत्रात ज्याला काही मिळायचे आहे, त्याने साक्षीदार म्हणून सही करू नये. केली तर मृत्युपत्र टिकते, पण त्याच्या वाट्याचे त्याला मिळत नाही. म्हणून शेजारच्या मिसेस ग्विलियमना सहीची कितीही हौस असली तरी पेन त्यांच्या हाती देऊ नये. माझ्या भांड्यांच्या कपाटावर त्यांचा वीस वर्षे डोळा आहे आणि ते मी त्यांनाच देत आहे.

कलम पहिले. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझी मुलगी टॅम्सिन हिने करावी. ती पहाटे उठून गाईंचे दूध काढते, तिला कामाची भीती नाही.

कलम दुसरे. राहते घर, दोन्ही गोठे, डुकरांची खोपटी आणि गवताची पत्र्याची शेड टॅम्सिनला द्यावी. घराबद्दल सांगायचे तर, जुन्या वास्तू जपणाऱ्या मंडळातली एक बाई मागे येऊन गेली. या घराचे मूळ रूप परत आणा, असा तिचा आग्रह होता. मी तिला स्वयंपाकघराच्या भिंतीतल्या लोखंडी कड्या दाखवल्या. त्यांना पूर्वी गाई बांधत. मूळ रूप आणायचे तर चुलीपाशी गाई आणून उभ्या कराव्या लागतील. बाई चहा न घेताच गेली.

इथे प्रत्येक पिढीने काही पाडले आणि काही बांधले. एमॉसच्या आजोबांनी घोड्यांचा तबेला बांधला, सासऱ्यांनी त्यात ट्रॅक्टर आणला, एमॉसने तिथेच दूध गार करायची टाकी बसवली. मी लग्न होऊन आले तेव्हा मागची पडवी धुण्याची होती, आता तिथे टॅम्सिनचा कॉम्प्युटर आहे. टॅम्सिनला काही बदलावेसे वाटले तर तिने खुशाल बदलावे, आईचा आत्मा तळमळेल अशी शंका बाळगू नये. फक्त बदल कामासाठी असावा, रुसव्यासाठी नसावा. रुसव्यासाठी केलेल्या बांधकामाबद्दल पुढे येईलच.

कलम तिसरे. बिअरसाठी लागणारी हॉप्सची कडू फुले वाळवायची जुनी भट्टी माझा मुलगा बार्नाबी याला. त्याने तिला अगोदरच मोठमोठ्या काचा लावून पाहुण्यांसाठी घर केले आहे, तेव्हा हे केवळ कागदोपत्री. ब्रिस्टलहून येणारे पाहुणे त्या गोल खोलीत निजतात आणि सकाळी विचारतात, हा कडवट वास कसला. शंभर वर्षांच्या हॉप्सचा वास आहे, रंगाच्या चार हातांनी जायचा नाही. सुरुवातीला मी बार्नाबीवर चिडले होते. पण छप्पर शाबूत राहिले, आणि रिकामी राहिली असती तर एव्हाना पडली असती. हे त्याला तोंडावर सांगणे जमले नाही, म्हणून इथे सांगते.

अळंबीच्या आकाराच्या दगडी छत्र्यांवर उभी असलेली धान्याची खोली मात्र त्याने मागू नये. त्या छत्र्या उंदरांना वर चढू न देण्यासाठी आहेत, लोकांच्या बागेत शोभेला मांडण्यासाठी नव्हेत. त्यातल्या दोन छत्र्या कुणी विकल्या हे मला ठाऊक आहे आणि ज्याने विकल्या त्यालाही.

कलम चौथे. आता कोठार. हे मृत्युपत्र खरे तर याच कलमासाठी लिहायला घेतले.

आमच्या कोठाराला समोरासमोर दोन उंच दारे आहेत आणि मधे फळ्यांचे खळे. पिकाने भरलेली गाडी एका दाराने आत यायची आणि रिकामी होऊन दुसऱ्याने बाहेर जायची. दोन्ही दारे उघडली की वारा आरपार वाहायचा आणि त्या वाऱ्यावर धान्य उफणायचे. घरातली माणसेही त्याच वाटेने गेली. आमच्या अंगणातल्या दाराने शवपेटी आत आणायची, खळ्यावर घटकाभर टेकवायची आणि पलीकडच्या दाराने चर्चच्या वाटेला लागायचे. सासूबाई अशाच गेल्या, सासरेही. सासूबाईंचे आणि माझे कधी पटले नाही, पण त्या दिवशी खळ्यावर मी रडले.

सासऱ्यांच्या माघारी दोघा भावांनी शेत वाटून घेतले. मोजणीदाराने नकाशावर पट्टी ठेवली आणि रेघ नेमकी खळ्याच्या मधून गेली. एक दार एमॉसचे, दुसरे माझे दीर रूबेन यांचे. काही वर्षे गोडीत गेली. मग छप्पर गळू लागले. एमॉस म्हणाला, पत्रा घालू. रूबेन म्हणाला, आजोबांच्या दगडी कौलांना हात लावलास तर बघ. रूबेन बैलांच्या बाजाराला गेला असताना एमॉसने आपल्या अर्ध्यावर पत्रा चढवला. त्या दिवशी शिडी मी धरली होती आणि आजही धरीन, कारण खाली गवत भिजत होते. पण भावाला घरी येऊ द्यायला हवे होते. संध्याकाळी रूबेन परतला, वर पाहिले, आणि आठवडा सरायच्या आत त्याने खळ्यावर सिमेंटच्या ठोकळ्यांची भिंत घातली, पार तुळईपर्यंत.

तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणे नाही. भिंतीने वारा अडवला तसे ओकचे खांब ओल धरू लागले. सुताराने गेल्या वर्षी खांबात चाकू खुपसून दाखवला, लोण्यात जावा तसा तो गेला. भिंत आहे तशीच राहिली तर कोठार पडेल. माझी बाजू पडेल आणि रूबेनचीही. छपराला वाटणी कळत नाही.

एमॉस गेला तेव्हा त्याला खळ्यावरून नेता आले नाही. मोटारीतून, हमरस्त्याने, खताच्या ट्रकमागून न्यावे लागले. रूबेन चर्चच्या फाटकाशी टोपी हातात घेऊन उभा होता. तो काही बोलला नाही आणि मीही नाही. ते मला अजून खुपते.

म्हणून कोठाराचा माझा अर्धा भाग मी रूबेन स्किर्म यांना देत आहे, त्यांनी भिंत पाडावी या अटीवर. अट मान्य नसेल तर तो भाग टॅम्सिनला जावा आणि भिंत त्यांना लखलाभ. मला खळ्यावरूनच न्यावे. अंत्यविधीची इच्छा कायद्याने कुणाला बांधत नाही असे मिस्टर थॅक्वे म्हणतात. लाजेने बांधत असेल तर पाहावे.

कलम पाचवे. खालच्या ओळीत, गव्हाणीमागे, त्या भिंतीचा एक ठोकळा मोकळा आहे. तो रूबेनच्या बायकोने, लेटिसने, काढला होता. तिथून मी तिला गूजबेरीचा मुरंबा द्यायचे आणि ती मला बदकाची अंडी. नवरे रुसले म्हणून आम्ही का उपाशी राहायचे? लेटिस गेली तेव्हा तो ठोकळा मी पुन्हा जागेवर सरकवून ठेवला. रूबेनला हे ठाऊक नाही. आता कळेल.

कलम सहावे. हे कलम लिहायचे ठरले नव्हते.

सहीसाठी मी पोस्टवाली एर्लिस बफ्टन हिला बोलावले होते आणि चौथे कलम तिला वाचून दाखवण्याचा शहाणपणा केला. पत्रे पोचवणे तिचे कामच आहे. ती इथून थेट रूबेनच्या फाटकात गेली. दुसऱ्या दिवशी रूबेन माझ्या स्वयंपाकघराच्या दारात उभा. म्हातारा झाला आहे. मी त्याला बस म्हटले नाही, तोच बसला, आणि चष्मा लावून हे सगळे कागद वाचून काढले. मी चहा ठेवला.

मग त्याने पेन मागितले.

मी म्हटले, "तू सही केलीस तर तुला कोठार मिळणार नाही. पहिल्याच पानावर लिहिलंय."

"वाचलंय ते. म्हणून तर मागतोय." चष्मा काढून तो पुसत बसला. "तुझा अर्धा वाटा घेऊन भिंत पाडली, तर गाव म्हणेल रूबेन लाच घेऊन पाघळला. माझी भिंत आहे, डॉर्कस. पाडायला मला कुणाचं मृत्युपत्र लागत नाही."

"मग इतकी वर्षं काय लागत होतं?"

त्याने चष्मा घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाला, "एमॉसला नेण्याच्या आदल्या रात्री मी घण घेऊन गेलो होतो खळ्यावर. हात उचललाच गेला नाही."

मला रडू आले, आणि ते मी लपवले नाही.

त्याने चहा संपवला. जाताना पाचव्या कलमावर बोट ठेवून म्हणाला, "हे खोडून टाक. लेटिसला आयुष्यात कधी मुरंबा जमला नाही. मला काय चव कळत नव्हती?" मी ते खोडलेले नाही. त्याला ठाऊक नाही हे चुकीचे असले तरी राहू द्यावे. सही आज नको, शनिवारी करू, आणि इथे नको, असे सांगून तो गेला. दोन दिवस पलीकडून घणाचा आवाज येत होता. टॅम्सिन दूध काढायचे सोडून तिकडे धावली आणि संध्याकाळी सिमेंटने पांढरी होऊन परत आली.

तेव्हा चौथ्या कलमातले दान रूबेनच्या सहीमुळे बुडत असल्याने तो अर्धा भाग टॅम्सिनला जाईल. पत्रा आणि कौले आहेत तशीच राहू द्यावीत, दोन्ही. मला नेण्याची मुळीच घाई नाही, पण वाट आता मोकळी आहे.

वरील सर्व मजकूर मी वाचला आहे, तो माझाच आहे, आणि दोन्ही साक्षीदार एकत्र हजर असताना मी सही करत आहे.

डॉर्कस स्किर्म

साक्षीदार:
एर्लिस बफ्टन, पोस्टवाली
रूबेन स्किर्म, शेतकरी, दीर

ठिकाण: लोअर विदी फार्म, कोठाराचे खळे. दोन्ही दारे उघडी आहेत. वाऱ्याने कागद उडत होते, म्हणून भिंतीच्या ठोकळ्याचा एक तुकडा वर ठेवून सह्या केल्या.

दिनांक: शनिवार, १५ ऑक्टोबर २०११