गोगलगायीच्या दहा चाली

४ नोव्हेंबर, मंगळवार

चालत नाही. ‘हा प्रोग्राम या कॉम्प्युटरवर चालणार नाही’ — एवढं एक वाक्य तोंडावर फेकून नवा कॉम्प्युटर गप्प. दुकानदाराला फोन केला. म्हणाला, बाई, इतकं जुनं नव्याला वाचताच येत नाही, नाद सोडा. माळ्यावरच्या फ्लॉप्या त्यानेच पेनड्राइव्हवर उतरवून दिल्या होत्या, म्हणून पुढे बोलले नाही.

खटाटोप नवऱ्यासाठी. झटका येऊन गेला तेव्हापासून उजवी बाजू गेली, वाचा गेली. डावा हातही नीट वळत नाही, त्याचं एक बोट काय ते शाबूत. बोलायला शिकवणारी बाई येते. ती म्हणाली, नवं काही नको, बोटांना पूर्वीपासून येत असेल असं काहीतरी द्या. पेटी वाजवत होते का? चित्रं? नाही. या माणसाने जन्मभर दोनच गोष्टी मन लावून केल्या. पाण्याच्या पाइपांचे नकाशे काढले आणि ‘सिंहासन’ खेळला.

५ नोव्हेंबर, बुधवार

त्या बाईला ‘सिंहासन’ म्हणजे काय ते समजावताना घसा कोरडा पडला. इंटरनेट घरोघर येण्याआधीची गोष्ट. माझ्या कॉम्प्युटरला फोनची लाईन जोडलेली. लोक आपापल्या घरून मोडेमने फोन लावून आत यायचे, निरोप वाचायचे, तावातावाने भांडायचे, जायचे. बुलेटिन बोर्ड म्हणत त्याला. लाईन एक, म्हणून एका वेळी माणूसही एकच. ‘सिंहासन’ हा राज्य चालवायचा खेळ खेळायचा असेल तर बोर्ड ‘दार’ उघडून देई. खेळ झाला की त्याच दाराने परत.

दिवसभर कॉलेजची प्रयोगशाळा सांभाळायची आणि संध्याकाळी हे दार. एक मिनिट कुणाला जास्त द्यायची नाही, म्हणून माझं नाव पडलं हेडबाई. एकाचा मोडेम सगळ्यांत हळू होता, लाईन अडवून बसायचा. शिव्या खाऊन खाऊन त्याने स्वतःच नाव घेतलं — गोगलगाय.

“मग लग्न कसं जमलं?” तिने विचारलं. म्हटलं, आधी तह केला. ती हसली. पण खरंच केला होता. खेळात आमची राज्यं शेजारी-शेजारी. लग्नाआधीचा तह, दोघांनीही कधी मोडला नाही. अजून खेळाच्या फाइलमध्ये असेल.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

नणंद येऊन गेली. शुश्रूषा केंद्रात एक जागा रिकामी होते आहे, पुढच्या महिन्यापासून. चोवीस तास माणसं, उचलायला, फिरवायला, न्हाऊ घालायला. “वहिनी, तुझी कंबर बसली की दोघांना कोण बघणार?” बरोबर बोलते ती. नेहमीच बरोबर बोलते, हाच त्रास आहे. बावीस तारखेला, शनिवारी, हो की नाही ते कळवायचं.

तो खिडकीशी खुर्चीत. त्याच्या डोक्यावरून आम्ही बोलत होतो, कपाटावरून बोलावं तसं. लक्षात आलं तेव्हा त्याच्यापुढे ‘हो’ आणि ‘नाही’ची कार्डं मांडली, बाईने शिकवलं तसं. जाशील तिकडे? त्याने मनगटाने दोन्ही खाली लोटली.

“दादाला कळत नाही गं काही आता,” नणंद म्हणाली.

कार्डं उचलली. वाकताना अशी कळ आली की तिथेच बसावंसं वाटलं.

१० नोव्हेंबर, सोमवार

जुन्या कॉम्प्युटरचं सोंग घेणारा प्रोग्राम मिळाला. खेळ त्याच्या पोटात घातला. तरी अडला — मोडेम कुठे आहे? मग मोडेम आहे अशी थाप मारणारा दुसरा चिमुकला प्रोग्राम. पुन्हा अडला — आलंय कोण, वेळ किती द्यायची? ही चिठ्ठी पूर्वी बोर्ड आपोआप लिही. बोर्ड आता आहे कुठे! मीच लिहिली. तीन थापा पचल्या तेव्हा पडद्यावर हिरव्या अक्षरांचा मुकुट उमटला. मी ओरडले बहुतेक. त्याने मान वळवली नाही.

मग राजांची यादी उघडली. रिकामी.

११ नोव्हेंबर, मंगळवार

गाढवपणा! माझाच.

दिवसाचा पहिला खेळाडू आत आला की खेळ आधी झाडलोट करतो. महिनाभर न फिरकलेल्या राजाचं नाव पुसायचं, राज्य पडीक टाकायचं. नियम मीच लावलेला, आळशी लोकांना वचक म्हणून. खेळाने काल चालू सालची तारीख पाहिली. इतक्या वर्षांत कुणीच फिरकलेलं नाही म्हटल्यावर केरसुणी फिरवली. गोगलगाय साफ, हेडबाई साफ, तह साफ. प्रयोगशाळेत एखाद्या पोराने असं केलं असतं तर त्याला आठवडाभर बाहेर उभं केलं असतं.

दुसऱ्या फ्लॉपीवर नक्कल होती, म्हणून निभावलं. आता सोंगाड्या कॉम्प्युटरला सांगितलंय की बोर्ड बंद झाला त्याचा हा दुसरा दिवस. रोज एकच दिवस पुढे ढकलायचा. चौथी थाप. सगळे राजे जागच्या जागी. तहसुद्धा.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

त्याची खुर्ची टेबलाशी आणली. रोज प्रत्येकाला दहा चाली — जमीन घ्या, धान्य साठवा, फौज भरती करा, स्वारी करा. प्रत्येक चालीला एकेक कळ. त्याने पडद्याकडे इतका वेळ पाहिलं की खेळाला वाटलं माणूस झोपला. हाकलून दिलं. पुन्हा उघडला. एक बोट आलं, कळ दाबली. धान्य. दुसरी चाल करेपर्यंत वेळ संपली, पुन्हा बाहेर.

चिठ्ठीत वेळ वाढवली. दिवसभर पुरेल इतकी. हेडबाईने आजवर कुणाला दिली नव्हती.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

दहा चाली. दहाही धान्य.

१५ नोव्हेंबर, शनिवार

धान्य. बोलायला शिकवणारी बाई शेजारी बसून बघत होती. जाताना दारात हळूच म्हणाली, बोटाची सवय असू शकते ताई, फार आशा धरू नका. मी हूं म्हटलं. आशा धरायला हात रिकामे कुठे आहेत?

सकाळी माझ्या चाली मी खेळते. शेजारी कुणी नको का त्याला?

१७ नोव्हेंबर, सोमवार

थकले. दुसरं काही नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

चादर दोनदा बदलली. दुसऱ्या वेळी त्याला कुशीवर वळवताना माझाच हात सुटला. पडला नाही, पण दोघंही घाबरलो. म्हणजे मी घाबरले. त्याचं काय ते मला कळत नाही.

खेळात कोठारं भरून वाहायला लागलीत, तरी धान्य. मी म्हटलं, अरे, जमीन घे, काहीतरी घे. धान्य.

संध्याकाळी नणंदेला फोन केला. त्याच्या पाठीमागेच उभी होते. “शनिवारी हो म्हणून कळवते,” म्हटलं. तिकडे ती रडली. मला रडू आलं नाही, कंबर दुखत होती.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

केंद्र बघून आले. स्वच्छ आहे. पलंग कळ दाबून वरखाली होतात. खिडकीतून शेजारच्या इमारतीची भिंत दिसते. तिथल्या बाईने विचारलं, त्यांना काय आवडतं? तोंडातून निघून गेलं — धान्य. नाश्त्याला लापशी असते म्हणाली.

जाताना शेजारणीला घरात बसवलं होतं, त्याला खेळ लावून दिला होता. परत आले तर म्हणाली, काही त्रास नाही हो, दुपारभर टकटक चालू होती, मी आपली टीव्ही बघत होते.

मीही पडदा बघितला नाही. कपडे न बदलताच आडवी झाले.

२२ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी माझ्या चालींसाठी खेळ उघडला. दरबारच्या बातम्यांत पहिलीच ओळ — गोगलगायीने हेडबाईशी तह मोडला. खाली — स्वारी. माझी निम्मी जमीन गेली.

धान्याशिवाय फौज हलत नाही. इतकी कोठारं कुणी कशाला भरेल, हे मला — मला! — सुचू नये.

तह मोडताना खेळ दोनदा विचारतो, नक्की? मग कारण लिहायला एक ओळ देतो. त्या ओळीत चार इंग्रजी अक्षरं, एका बोटाची. एन, ए, एच, आय.

नाही.

तो खिडकीबाहेर बघत नव्हता. मान वळवून माझ्याकडे बघत होता.

नऊ वाजता केंद्राला फोन करून सांगायचं, जागा नको. उचलायला माणूस शोधायचा. कमरेचं बघू. त्याआधी माझ्या दहा चाली.

धान्य.