वडाचं सूत आणि हळद्याचं घरटं

ज्येष्ठ शु. १२, शके १८५४. बुधवारा मोहल्ला, बऱ्हाणपूर
ताप-खोकला हटेना, म्हणून शाळेची रजा वाढवून मिळाली. डॉ. म्हणाले, माडीवर खिडकीशी पडून राहा, मोकळी हवा लागेल. हवा कसली, तापीकडून येते ती भट्टीच. पण परसातल्या वडाची फांदी खिडकीला टेकते, आणि तिच्यावर हळद्याची जोडी आली आहे. हिवाळ्यात कुठे जातात कोणास ठाऊक, उन्हं तापली की हजर. मादी बेचक्यात सालीचे धागे गुंडाळते. नर पिवळाधमक, नुसत्या शिट्ट्या घालतो. पुरुषमंडळींना साजेसंच.

ज्येष्ठ शु. १५
वटपौर्णिमा. परसात गल्लीतल्या बायकांची गर्दी. सगळ्यांचं सूत पांढरं. सौ.ने मात्र यंदा विणकरांकडून वेगळं आणवून हळदीत भिजवलं. आत्या खालून सांगत होती, "घट्ट बांध वं, बापू आजारी हाये." बापू म्हणजे मी. फेरे संपल्यावर सौ.ने वर खिडकीकडे बघितलं. मी खोकला दाबून धरला.

व. २
हळद्याची मादी खोडाकडे उतरली, पिवळा धागा ओढत वर आली. नेमका सौ.चा. फार गंमत वाटली. आत्या पाणी घेऊन आली तेव्हा मी एकटाच हसत होतो. मग तिनेही बघितलं. ती हसली नाही.

व. ३
घरात सुतक पडल्यासारखं. आत्या सौ.ला: "सूत सुटलं म्हंजे काय, समजतं का तुले? घरटं उतरव अन् सूत परत खोडाले बांध."
सौ.ने खिडकीतून हात घातला. घरटं सहज हाताला येतं. हात थोडा वेळ तसाच, मग मागे घेतला. "त्येनं घर बांधेल हाये. मी कायले मोडू?" म्हणून खाली गेली. आज भाकरी करपल्या.
ती घाबरली आहे. सुतावर तिचा आत्याइतकाच विश्वास. माझा नाही. तरी 'उतरवू नको' हे मी काही म्हणालो नाही.

व. ८
अंडी. पांढरी, काळे ठिपके.
डॉ. येऊन गेले. छातीला नळी लावून बराच वेळ ऐकत राहिले. मला म्हणाले, दूध घेत जा. बाकीचं बाहेर जाऊन आत्याशी बोलले. नंतर आत्याने पुन्हा घरट्याचा विषय काढला.

आषाढ शु. ८
अंडी फुटली. तीन चोची, सदा उघड्या. नर दिवसभर सुरवंट आणतो. त्याच्याबद्दल वर लिहिलेलं मागे घेतो.
सौ. पेज घेऊन येते आणि वाटी रिकामी झाली तरी खिडकीशी उभी.

शु. १२
दुपारी वादळ. फांदी अशी हेलकावली की घरटं एका बाजूने सुटून लोंबकळलं. आईबाप नुसते ओरडतात. सौ. पावसात परसात गेली, खोडावरचं आपलं उरलेलं सूत सोडवून घेतलं. आत्या जिन्यात आडवी आली.
"उरलेलं बी सोडलं? नवऱ्याचं सूत हाये ते."
"म्हणूनच," सौ. म्हणाली.
खिडकीतून कमरेइतकी बाहेर वाकली. मी मागून धरून होतो. धाप लागली, सोडलं नाही. घरट्याची सुटलेली कड तिने फांदीला वेढे देऊन बांधली. 
मला तिचा अभिमान वाटला. इथे लिहितो. तोंडाने काय ते सांगवत नाही.

व. १
आत्या माडीवर येत नाही. जिन्यातून विचारते, "खाऊ घालतात का नीट त्या पिलायले?" सांगितलं, घालतात.

व. ७
सकाळी दोन पिल्लं शेजारच्या निंबावर गेली. तिसरं दुपारपर्यंत काठावर बसून, मग तेही. घरटं रिकामं. सुताचा रंग पावसाने बराच उतरला.
आत्या म्हणाली, "आता तरी काढ ते." सौ. म्हणाली, राहू द्या. मग खिडकीशी येऊन मला विचारलं, "पुढच्या ज्येष्ठात येतील ना परत?"
म्हणालो, येतात.
"अन् तुम्ही बघाले असाल ना?"
हो म्हणालो. संध्याकाळी पुन्हा ताप आहे. तिला अजून सांगितलेलं नाही.