बाळराजेंचा फ्लेक्स

साक्षी,

रणवीरच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर शुभेच्छुकांच्या ओळीत तू स्वतः पाठवलेला तुझा फोटो मी चिकटवला, त्या मिनिटाला माझं डोकं फिरलं.

यानंच तुझी छेड काढली म्हणून मी याला हाणलं, त्यापायी कॉलेज सोडलं आणि लातुरातल्या या फ्लेक्सच्या दुकानात कामाला लागलो. सरकारी कामं घेणाऱ्या गुत्तेदाराच्या या पोराला ‘बाळराजे’ हे नाव तूच ठेवलंस. कँटीनमध्ये म्हणायचीस, “बापानं थार काढून घेतली तर बाळराजेंना बसस्टँडसुद्धा सापडायचं न्हाई.” लई हसायचो आपण.

तेच वाक्य मी तुझ्या फोटोखाली छापलं, तुझ्या नावानिशी.

छापायच्या आधी रणवीर स्वतः स्क्रीनवर डिझाइन बघायला आला होता. “अंगद्या, मला अजून गोरा कर की,” म्हणला. केला. खालचं एक अक्षर वाचलं न्हाई त्यानं. तुझ्या फोटोला मात्र मी हात लावला न्हाई. हाय तसाच लई छान होता.

आता वीस फुटी फ्लेक्स कॉलेजच्या गेटावर चढलाय आणि सगळं कॉलेज वाचायलंय. मालकाचे फोनवर फोन यायलेत. हे पत्र मी पाठवत न्हाई. तुला वाचायचं ते गेटावर हाय.

चाललो. दुकानाचं दार ओढून घेतो.

अंगद